माझं नाव सांगा

आमच्या घरात गेली चार वर्षं टोमॅटोची कोशिंबीर झालेली नाही. सुरुवात दर वेळी कोशिंबिरीनंच होते. बायको टोमॅटो फळीवर ठेवते, त्यावर सुरी टेकवते आणि दाबते. टोमॅटो आत जातो. ती आणखी दाबते, तो आणखी आत जातो, आणि मग एकदम फुटतो. बिया टाइल्सवर, रस बाहीवर, साल मात्र जिथल्या तिथे, एका तुकड्यात. बायको शांतपणे गॅस पेटवते आणि त्या दिवशी आम्ही सार पितो. पाहुण्यांचा समज असा झालाय, की या घराला साराचं वेड आहे.

याचं मूळ आईच्या गुडघ्यांत आहे. आई मालवणची. लग्नात तिच्याबरोबर माहेराहून एक आडाळो आला. आडाळो म्हणजे विळी, पण तिच्यासमोर विळी म्हणायचं नाही. फणसाच्या लाकडाचा पाट, टोकाला नारळ खवायची दातेरी जिभली, आणि पातं असं की कोथिंबिरीला नुसतं दाखवलं तरी ती आपणहून बारीक होई. चार वर्षांपूर्वी आईचे दोन्ही गुडघे बदलले आणि डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायची कायमची बंदी केली. आडाळ्यावर मांडी घालून बसल्याशिवाय काही चिरता येत नाही. आडाळो माळ्यावर गेला. गुडघे नवे आले आणि घरातली धार गेली.

ओट्याशी उभं राहून चिरायचं तर सुरी लागते. आता सुऱ्या आमच्याकडे नाहीत असं नाही. एकदा खण उपडा करून मोजल्या तर अकरा भरल्या. एक लग्नात डिनरसेटबरोबर आलेली. दोन साबणाच्या पावडरवर फुकट. एकीची हिरवी मूठ आणि पातं यांची केव्हाच फारकत झालीय, पण दोघं अजून एकाच खणात राहतात. एक ब्रेडची, दात्यांची; ती खरं तर कापते, पण कापल्यावर त्या पदार्थाकडे बघवत नाही. राहिलेल्या सहा एका प्रदर्शनातल्या आहेत. त्यांच्याबद्दल बायको चारचौघांत बोलते, म्हणून आधी मीच सांगतो.

त्या प्रदर्शनात कानाला माइक लावलेला एक माणूस होता. त्यानं आधी सुरीनं रबरी नळी कापली. मग एक जुनी चप्पल कापली. आणि मग त्याच सुरीनं टोमॅटोची अशी चकती काढली, की तिच्यातून मला पलीकडचा लोणच्यांचा स्टॉल दिसला. मी चार वर्षांचा सारपिता माणूस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहा सुऱ्या, वर लाकडी ठोकळा, फक्त ४९९ रुपये. घरी आल्यावर लक्षात आलं, की त्याच्या सुरीला बारीक दाते होते आणि त्याच्या टोमॅटोला सराव होता. आमच्या सुऱ्या चप्पल अजूनही कापतात, खोटं कशाला बोलू. पण रोज माणूस चपला किती कापणार?

तेव्हा ठरवलं, आता एकच सुरी घ्यायची, पण चांगल्या दुकानातून, पारखून, योग्य भावात. आणि हा निश्चय मी इमारतीच्या जिन्यात मोठ्यानं बोलून दाखवला. तिथे चूक झाली.

तिसऱ्या मजल्यावरचे काका उतरता उतरता थांबले. "सुरी ना? स्टेशनकडे जाताना डाव्या हाताला भांड्यांचं दुकान आहे. आपलाच माणूस आहे. माझं नाव सांगा."

मराठी माणूस एक वेळ स्कूटर देणार नाही, शिडी देणार नाही, शंभराचे सुट्टेसुद्धा देणार नाही, पण नाव मात्र मागायच्या आत देतो. पुढच्या दीड महिन्यात मला एकूण नऊ जणांनी आपापली नावं वापरायला दिली. एकाही नावावर मला एक रुपया सुटला नाही. एका ठिकाणी तर नाव ऐकून दुकानदारानं खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं आणि विचारलं, "ते कुकरचे साडेसहाशे तुम्ही देताय का?"

काकांचा आपला माणूस कॅल्क्युलेटरवर काहीतरी करत होता.

"तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पाठवलंय," मी म्हणालो.

"कोण काका?"

मी मजला सांगितला, मिशी सांगितली, स्कूटरचा रंग सांगितला.

"असतील," तो म्हणाला आणि आत ओरडला, "ए, साहेबांना सुरी दाखव."

आतून एका मुलानं एक सुरी आणून काउंटरवर टाकली.

"भाजीला चालेल?"

"चालते."

"मटणाला?"

"चालते."

"आणि ब्रेडला?"

"पळते."

"टोमॅटो कापेल का नक्की?"

यावर मालकांनी कॅल्क्युलेटरवरून मान वर केली. "स्टेनलेस आहे," ते म्हणाले. "जन्मात गंजणार नाही."

हे उत्तर मला नंतर प्रत्येक दुकानात मिळालं. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली नावाचा गृहस्थ बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादाचे प्रयोग करत होता. त्यातून त्याच्या हाती न गंजणारं पोलाद लागलं आणि ते सुऱ्याकाट्यांत गेलं. गोष्ट चांगलीच झाली. पण तेव्हापासून सुरीनं गंजू नये एवढीच तिच्याकडून अपेक्षा राहिली. आपल्याकडे जावयाचं पण असंच आहे. दारू पीत नाही म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

मी ती १२० रुपयांना घेतली. खणातली बारावी. संध्याकाळी सार झालं. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो, तर मालक माझ्याकडे अनुभवी नजरेनं बघून म्हणाले, "अहो, नवी आहे. वापरता वापरता धार येईल."

यातून मी एक धडा घेतला: दुकानातच चाचणी घ्यायची. आणि चाचणी घ्यायची तर टोमॅटो आपला हवा. म्हणून पुढच्या शनिवारी एक चांगला पिकलेला टोमॅटो पँटच्या खिशात घालून मी डोंबिवलीहून दादरची जलद लोकल पकडली. ज्यांनी ही लोकल कधी पकडली आहे, त्यांना पुढचं वाक्य वाचायची गरज नाही. ठाण्यापर्यंत टोमॅटो होता. घाटकोपरला माझ्या शेजारच्या माणसानं खाली बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्या गर्दीतही मला बसायला जागा करून दिली.

पुढच्या खेपेला टोमॅटो डब्यात ठेवला. या वेळी मोठ्या मॉलमध्ये, जिथे एक दुकान फक्त स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं आहे. दारातल्या सुरक्षारक्षकानं पिशवी उघडली, डबा उघडला.

"ये क्या है?"

"टमाटर."

"किसलिए?"

"छुरी के लिए."

त्यानं वॉकीटॉकी तोंडाला लावला. मी एका सुपरवायझरला, मग त्याच्याही सुपरवायझरला कोशिंबिरीचा सगळा इतिहास सांगितला. शेवटी टोमॅटो दारात जमा करून टोकन घेतलं आणि आत गेलो.

आत सुऱ्या काचेच्या कपाटात होत्या, खाली मखमल, वर दिवा. एका सुरीच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. किंमत ८,४९९. विक्रेतीनं पांढरे हातमोजे घालून ती बाहेर काढली. हातमोजे बघूनच मला किंमत पटायला लागली.

"सर, हे दमास्कस स्टील आहे."

आता इथे माझ्यातला अर्धवट वाचक जागा झाला. मी तिला सांगितलं, की दमास्कसच्या तलवारी ज्या पोलादाच्या होत, ते पोलाद मुळात दक्षिण हिंदुस्थानातून जायचं. उक्कू म्हणत त्याला, इंग्रजांनी त्याचं वूट्झ केलं. आपलंच पोलाद, तिकडे जाऊन त्याचं नाव झालं. आणि हल्ली जी नक्षी असते ती वेगवेगळ्या पोलादांचे थर एकावर एक ठोकून काढलेली असते, कधी कधी तर नुसती वरून उमटवलेली. मी बरंच बोललो. मागे दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, वन इयर वॉरंटी आहे."

मी टोकन देऊन माझा टोमॅटो परत घेतला.

ऑफिसातल्या सहकाऱ्याचं म्हणणं पडलं, की मी मुळात चुकीच्या जागी फिरतोय. "लोहार चाळ! नावातच लोहार आहे. डोळे मिटून जा. माझं नाव सांगा."

"कुणाला?"

"कुणालाही."

लोहार चाळीत मला पंखे दिसले, झुंबरं दिसली, वायरींची भेंडोळी दिसली, दिवाळीच्या माळा, स्विच, होल्डर, मीटरचे बॉक्स दिसले. मुंबईभरचा विजेचा माल तिथून जातो. लोहार काही दिसला नाही. एका हमालाला विचारलं, तर त्यानं हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीटला पाठवलं. तिथे खरोखर हत्यारांची रांगच्या रांग होती. पकडी, करवती, ड्रिलची पाती, हातोडे. पण सगळा घाऊक मामला.

"कितना?"

"एक."

"एक डझन?"

"नाही, एक."

"एक ग्रोस?"

मी बोट दाखवून 'एक' म्हटलं. त्यानं त्या बोटाकडे असं बघितलं, जणू मी तेच विकायला आणलं होतं. घरी येताना लोहार चाळीवरूनच परत यावं लागलं. सुरी नाही मिळाली, पण दोन एलईडी दिवे चांगल्या भावात मिळाले. ते अजून चालू आहेत.

अशा वेळी मेव्हणा जपानहून आला. कंपनीनं त्याला तीन महिने ओसाकाला पाठवलं होतं. ओसाकाला लागून साकाई नावाचं शहर आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्याच घडवतात. आमच्या साराची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली होती. त्यानं माझ्यासाठी तिथून एक सुरी आणली, २१० मिलिमीटरची, म्हणजे सव्वाआठ इंच पात्याची. आमच्याकडे सुरी भेट देत नाहीत, नातं तुटतं म्हणतात, म्हणून मी त्याच्या हातावर एक रुपया ठेवला. आयुष्यात एवढा फायद्याचा व्यवहार मी दुसरा केलेला नाही.

मग मेव्हण्यानं वीस मिनिटं सूचना दिल्या. हे पोलाद फार कडक असतं. रॉकवेल म्हणून कडकपणाचं माप आहे, त्यावर हे साठच्या वर जातं. आपल्या नेहमीच्या सुऱ्या त्याच्या बऱ्याच खाली. त्यामुळे धार टिकते, पण पातं ठिसूळ असतं. हाड कापायचं नाही. गोठलेलं काही कापायचं नाही. ग्रॅनाइटवर कापायचं नाही. ओली ठेवायची नाही. पिळायची नाही, उचकटायला वापरायची नाही. फक्त 'वापरायची नाही' एवढंच म्हणायचं त्याचं राहिलं.

तो ज्या दिवशी गेला त्याच संध्याकाळी घरात सुरमईचं सार... नाही, चुकलो, कढी होती. (सार हा शब्द आता बोटांत बसलाय.) नारळ फोडलेला होता, पण खोबरं करवंटीला घट्ट धरून बसलं होतं. माझ्या हाताशी जपानची शेकडो वर्षांची कारागिरी होती. मी ती करवंटी आणि खोबरं यांच्या फटीत घातली आणि जरा पिळली.

'टिक्' असा अगदी लहान आवाज झाला. मग आणखी दोनदा झाला, कारण पहिल्या आवाजाचा अर्थ मला कळला नव्हता.

टोमॅटोपर्यंत ती सुरी पोचलीच नाही. आई बाहेरून आली, पात्याच्या तीन खाचांकडे बघितलं आणि म्हणाली, "सुरी हाडलंस की करवत?"

पुढचे आठ दिवस मी ती दुरुस्त केली. एका व्हिडिओत चिनीमातीच्या कपाच्या बुडाखालची खरखरीत कड वापरायला सांगितली होती. लग्नातल्या सहा कपांचे आता पाच आहेत. दुसऱ्या व्हिडिओत पात्याचा दगडाशी कोन बरोबर पंधरा अंश हवा म्हटलं होतं, म्हणून मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला. कोन पंधराच ठेवला, पण हात हलला की तो तीस होई आणि मी श्वास सोडला की शून्य.

शेवटी भरवसा धारवाल्यावर. आमच्या भागात एक धारवाला सायकलवर येतो. स्टँडवर सायकल चढवायची, पायडल मारायचं, की पुढचं दगडाचं चाक फिरतं. पण तो रविवारी दुपारी बरोबर माझा डोळा लागला की येतो, आणि मी जिना उतरेपर्यंत त्याची 'धाऽऽर' पुढच्या गल्लीत गेलेली असते. त्या रविवारी मी ठरवलं, आज सोडायचा नाही. हाक ऐकू आली तसा उठलो, ओट्यावरची सुरी उचलली आणि बनियन-लुंगीवर खाली धावलो.

तो कोपऱ्यावर वळत होता. मी ओरडलो, "थांबा! ओ, थांबा!"

त्यानं मागे वळून बघितलं. त्याला काय दिसलं असेल याचा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही. त्यानं सायकलवर टांग मारली. मी वेग वाढवला, त्यानंही वाढवला. मी 'पैसे देतो' म्हणून ओरडलो, त्यानं 'नको' म्हणून ओरडून उत्तर दिलं. वाण्यानं शटर अर्ध्यावर ओढलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका समोरून भाजी घेऊन येत होते, त्यांनी मला ओळखलं आणि ताबडतोब ओळख विसरले. शेवटी गतिरोधकावर त्याची चेन उतरली तेव्हा तो हात जोडून उभा राहिला. मी धापा टाकत सुरी मुठीकडून पुढे केली आणि म्हणालो, "धार."

खाचा बघून तो म्हणाला, "साहब, ये मेरा काम नहीं." मी म्हणालो, "आप लगाओ, जोर से लगाओ." बिचाऱ्यानं लावली. गिऱ्हाईक तसं होतं. ठिणग्या उडाल्या, मला फार बरं वाटलं. थांबला तेव्हा पात्याची कड निळसर झाली होती. पोलाद असं तापलं की त्याचं पाणी उतरतं, हे मला नंतर कळलं. खाचा तिथेच होत्या, आता त्यांच्या मधे लाटा आल्या होत्या. दमास्कसची नक्षी मला वीस रुपयांत मिळाली.

त्या रात्री मला झोप येईना. उद्या कुणी तक्रार केली तर? उठून शस्त्रांचे नियम शोधले. त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे, पण घरकाम, शेती वगैरेंसाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. तरी फूटपट्टी आणून मोजलं. सव्वाआठ. मग शिडी लावून माळ्यावरचा आडाळोही मोजला. तो दोन इंचांहून रुंद निघाला. आईला जाग आली. "माझ्या आडाळ्याक हात लावू नको हां," ती अंधारातून म्हणाली. घरकामाचा आहे, चिंता नाही; पण मी हातही लावला नाही.

आता सांगतो ते मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. आमची मासेवाली गेली वीस वर्षं माझ्या डोळ्यांदेखत सुरमईच्या तुकड्या पाडते. हातात कोयता, तिचं लक्ष रस्त्यावरच्या भांडणात, आणि तुकड्या एकीसारखी एक. कोयता कधी अडकलेला मी बघितला नाही. दर रविवारी मी तिच्यासमोर उभा राहून तिच्याशी फक्त भावावरून हुज्जत घातली.

मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली जपानी सुरी तिला दाखवली. तिनं ती उलटीसुलटी केली.

"कोणी मारली रे हिला?"

"धार कुठे लावता तुम्ही?"

"पुलाखालनं पलीकडं जा. पिठाच्या गिरणीला लागून. पाटी नाय."

"तुमचं नाव सांगू?"

"नको बाबा!" ती एकदम दचकली. "उधारी हाय त्याची माझ्यावर."

दीड महिन्यात मला नाव न देणारी ही पहिलीच व्यक्ती, म्हणून मी लगेच गेलो.

दुकान कसलं, दोन भिंतींमधली एक फट होती. आत एक म्हातारबुवा, नाकावर चष्मा, मांडीवर गोणपाट. मोटरवर फिरणारं एक चाक, बादलीत पाण्यात बुडवलेले दोन निसणे. भिंतीभर खिळे आणि त्यांवर शिंप्याच्या कात्र्या, विळ्या, कोयते, दोन अडकित्ते, सगळ्यांना दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या. बाजूच्या गिरणीमुळे प्रत्येक वस्तूवर पिठाची हलकी पांढरी साय होती, म्हातारबुवांच्या भुवयांवरसुद्धा.

"सुरी पाहिजे," मी म्हणालो.

"काय कापायला?"

दीड महिन्यात हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मी भाजी, मासे, टोमॅटो असं सांगत गेलो.

"घरात सुऱ्या किती आहेत?"

"बारा."

"घेऊन या."

"पण मला नवी घ्यायचीय."

"मग भांड्यांच्या दुकानात जा."

मी घरी जाऊन खण पिशवीत रिकामा केला. त्यांनी एकेक उचलली, अंगठ्यानं पातं आडवं चाचपलं, टिचकी मारून ऐकलं. प्रदर्शनातल्या सहा एका बाजूला गेल्या. "या सुऱ्या नाहीत, पत्रा आहे." साबणाच्या पावडरीवाल्या दोन त्यांच्यावर. हिरव्या मुठीचं पातं त्यांनी ठेवून घेतलं, कशासाठी ते विचारायची हिंमत झाली नाही. १२० रुपयेवाली बघून "कुठून घेतली?" असं विचारलं आणि मी नाव सांगण्याआधीच मान हलवली. ब्रेडवाली परत दिली. शेवटी हातात राहिली डिनरसेटबरोबर आलेली, चोवीस वर्षांची, बायकोच्या मामांनी दिलेली आणि आम्ही त्यावरून मामांना नावं ठेवलेली.

"हिचं पोलाद बरं आहे," ते म्हणाले.

चाकावर त्यांनी ती फार वेळ धरली नाही. दोनदा ओढली, बोटानं ताप बघितला, पाण्यात बुडवली, पुन्हा ओढली. मग बादलीतून निसणा काढला आणि तिथे वेळ गेला. जोर असा नाहीच, हात नुसता पुढे आणि मागे, आवाज म्हणावा तर कुणी पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडतंय असा. मधे मधे पात्याच्या दुसऱ्या बाजूनं बोट फिरवत. "इकडे कड उमटली बघा. ही आली की समजायचं, धार टोकापर्यंत पोचली. आता ही पाडायची." दगड बदलला, हात आणखी हलका झाला. शेवटी चामड्याच्या पट्टीवर चार वेळा उलटसुलट. मग समोरचा वर्तमानपत्राचा कागद हवेत धरला आणि सुरी त्यावर नुसती ठेवली. कागदाचे दोन झाले. आवाज झाला नाही.

"तीस रुपये."

मी अभावितपणे म्हणालो, "थोडं कमी?" सवय असते हो. त्यांनी सुरी परत चाकाकडे नेली. "कमी धार हवी का?"

मी तीस रुपये दिले. मग धीर करून वर्तमानपत्रातली जपानी पुढे केली. त्यांनी चष्मा पुसला.

"ही भाजीची, नाजूक कामाची सुरी. हिनं नारळ काढलात?"

"मी नाही. शेजाऱ्यांनी नेली होती."

"आणि हा निळेपणा? तापवली कुणी?"

"तेही शेजाऱ्यांनीच."

"शेजारी बदला," ते म्हणाले. खाचा जाईपर्यंत घासली तर पेन्सिलीला टोक करायची सुरी उरेल, आठ दिवस राहू दे, बघतो काही होतं का, असं म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली.

घरी आलो. बायकोनं टोमॅटो फळीवर ठेवला. मी म्हणालो, आज मीच. चार वर्षांच्या सवयीनं सगळा जोर एकवटून दाबली. टोमॅटो कापला गेला, त्याच्याखाली माझं बोट होतं, तेही कापलं गेलं. पण चकती काय पातळ पडली होती! मी बोट नळाखाली धरून सगळ्यांना ती चकती दाखवत होतो. आईनं खुर्चीतून वाकून आधी चकती बघितली, मग बोट बघितलं.

"रगत इला? मगे धार बरी आसा."

कोशिंबीर झाली. दाण्याचं कूट, दही, वरून फोडणी. मुलानं विचारलं, "आज सार नाही?"

आठ दिवसांनी जपानी सुरी आणायला गेलो, तर ती दाराशीच एका खिळ्याला टांगलेली होती. एक बाई कात्री घेऊन आल्या होत्या आणि म्हातारबुवा त्यांना सांगत होते, "ही बघा. एक साहेब आहेत, चांगले शिकलेले. म्हणतात, शेजाऱ्यांनी केलं." बाई हसत होत्या. मीही हसलो. मग मी एक कोयता बघतोय असं दाखवून निघून आलो. सुरी तिथेच आहे, आणि मेव्हणा दिवाळीला येतोय.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. पुलाखालून पलीकडे, पिठाच्या गिरणीला लागून, पाटी नाही. सुरीचे तीस, कात्रीचे चाळीस, सुट्टे घेऊन जा, आणि कमी करा म्हणू नका. नवी सुरी मागितलीत तर आधी घरच्या आणायला सांगतील. दाराशी टांगलेल्या सुरीची गोष्ट तुम्हालाही सांगतील, ऐकून घ्या, हसा हवं तर.

फक्त माझं नाव सांगू नका.